आधी गार, मग गरम

आमच्या घरात आंघोळीचं पाणी काढताना बादलीत आधी गार पाणी घेतात, मग गरम. पाहुण्यांना याची गंमत वाटते. एकदा माझा मेहुणा म्हणाला, "शेवटी दोन्ही एकाच बादलीत जाणार ना? मग आधी काय अन् नंतर काय?" माझी बायको सुशीला म्हणाली, "मोघे डॉक्टरांना विचारा." मग आम्ही दोघंही हसलो. डॉक्टरांना विचारायची सोय आता राहिलेली नाही. आणि असती, तर उत्तर ऐकता ऐकता मेहुण्याची परतीची गाडी नक्की चुकली असती.

मोघे डॉक्टरांचा दवाखाना डोंबिवलीत आमच्या चाळीच्या समोरच होता. तेव्हा डोंबिवली म्हणजे स्टेशन, देऊळ, थोड्या चाळी आणि बाकी भातशेती. विहिरीचं पाणी, घासलेटचे दिवे आणि सकाळी ठाण्याला नाहीतर मुंबईला नोकरीवर पळणारे आमच्यासारखे कारकून. डॉक्टर उंच, किंचित वाकलेले, आणि बाराही महिने हातात काळी छत्री. ती ते पावसात क्वचितच उघडत. तिचं खरं काम स्वयंपाकघरात असे.

डॉक्टरांना कुठल्याही दुखण्यासाठी बोलवा, घरात शिरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "चूल कुठं आहे?"

"डॉक्टर, ताप ह्यांना आलाय. ते इकडे झोपलेत."

"ताप पळून जात नाही. चूल बघू."

आमच्या शेजारच्या गंगूकाकूंचं सोवळं कडक. त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर डॉक्टर पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा काकूंनी हातातली पळी आडवी धरली.

"माझं सोवळं आहे. आत पाऊल टाकायचं नाही."

"मी येत नाही, काकू. छत्री येते."

"छत्रीचं कसलं आलंय सोवळं?"

"तुमच्या सोवळ्यापेक्षा ती जास्त वेळा भिजते," असं म्हणत डॉक्टरांनी उंबऱ्याबाहेरूनच छत्री लांब केली आणि तिच्या टोकानं एकेक वस्तू दाखवायला सुरुवात केली. "दुधाच्या पातेल्यात डाव उभा ठेवलाय. नातू रांगतो ना तुमचा? तो डाव धरून उभा राहणार. काढा तो. ती कढई भिंतीकडे सरकवा. आणि पदर खोचा."

परपुरुषानं बाईमाणसाला पदर खोचायला सांगणं त्या काळी साधी गोष्ट नव्हती. काकू दोन दिवस डॉक्टरांशी बोलल्या नाहीत. पण पदर खोचायला लागल्या. डॉक्टरांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणत असू. काकूंनी तिच्याकडे तक्रार नेली, तेव्हा वहिनी म्हणाली, "तुम्हाला निदान लग्नानंतर इतक्या वर्षांनी विचारलं. मला बघायला आले तेव्हा गाणं येतं का, विणकाम येतं का, काही नाही. म्हणाले, स्टो पेटवता तो जमिनीवर की उंचावर?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, आमच्याकडे स्टो नाहीच. यांचा चेहरा असा खुलला की मामांना वाटलं, मुलगी फारच पसंत पडली."

डॉक्टरांचं हे वेड कुठून आलं हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणत, "शिकत असताना मुलांच्या वॉर्डात होतो. तिथली मुलं मारामारी करून आलेली नसत, घरातून आलेली असत." याहून जास्त ते बोलत नसत. पण त्या वॉर्डात त्यांनी एक विद्या मिळवली होती. मुलाच्या अंगावरचा भाजल्याचा व्रण पाहून ते त्याच्या घरातलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर उभं करत. मान, खांदा आणि छाती भाजलेली असेल तर मुलानं वरून काहीतरी ओढलं. तळवा भाजला असेल तर काहीतरी पकडलं. मागची बाजू भाजली असेल तर जमिनीवर ठेवलेल्या भांड्यात ते बसलं. "मूल खोटं बोलेल, आई खोटं बोलेल," ते म्हणत, "कातडं खोटं बोलत नाही."

एकदा कल्याण स्टेशनहून मी आणि डॉक्टर टांग्यानं पारनाक्याला निघालो होतो. समोर एक बाई लहान मुलाला घेऊन बसल्या होत्या. मुलाच्या मानेवर आणि उजव्या खांद्यावर जुना व्रण. डॉक्टरांनी थोडा वेळ तो न्याहाळला आणि एकदम म्हणाले, "चहा. पाटावर ठेवलेला. पाटावर फडकं अंथरलेलं होतं, ते यानं ओढलं. बरोबर?"

बाई थक्क झाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"दिसतंय की."

बाईंनी ताबडतोब मुलाचा हात पुढे केला. "मग ह्याचं पुढचंही बघा हो. आणि पाठीवर भाऊ कधी आहे तेही."

माझं हसू आवरेना. डॉक्टर मात्र संतापले, आणि रागाच्या भरात टांगा थांबेपर्यंत त्यांनी त्या बाईंना पाटावर फडकं का अंथरू नये, चहाची कपबशी कुठं ठेवावी, स्टो पेटता असताना त्यात घासलेट का ओतू नये, हे सगळं सांगितलं. बाई मनोभावे ऐकत होत्या. उतरताना त्यांनी डॉक्टरांना वाकून नमस्कार केला आणि टांगेवाल्याला विचारलं, "महाराज कुठं उतरलेत?"

चहाच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता: मूल किंवा चहा, दोन्ही एका मांडीवर नाही. कोणाकडे गेलं की आपल्याकडे पाहुण्याच्या मांडीवर कौतुकानं बाळ देतात आणि लगेच हातात वाफाळलेली कपबशीही. डॉक्टर कपबशी घेतच नसत. मूल परत जाईपर्यंत थांबत. मुलं त्यांच्याकडे फार वेळ राहत नसत हे खरं, कारण मुलांशी कसं बोलावं हे त्यांना मुळीच कळत नसे. दीड वर्षाच्या मुलालाही ते "अहो" म्हणत. तरीही चहा निवायचाच. त्यामुळे गरम चहा प्यायलेले डॉक्टर मी कधी पाहिले नाहीत. वहिनी म्हणायची, "ह्यांच्यासाठी चहा करते तेव्हाच मी उद्याचाही करून ठेवते."

हे सगळं मी हसत हसत लिहितोय, आणि तेव्हा हसतही असे. पुढे एका रविवारी माझ्याच घरावर पाळी आली.

आमची मोठी मुलगी मंदा तेव्हा चार वर्षांची होती. सुशीला बाळंतीण, श्रीकांत जन्मून जेमतेम आठवडा झाला होता, ती आतल्या खोलीत. मंदाला आंघोळ घालायचं काम माझ्याकडे होतं. मी बंबातलं कढत पाणी बादलीत काढलं, बादली मोरीत ठेवली आणि गार पाणी आणायला बाहेरच्या पिंपाकडे गेलो. घराघरात तेव्हा असंच करत. मंदाच्या हातात लाकडाचं बदक होतं. ते पाण्यात सोडायला ती बादलीवर वाकली.

तिची किंकाळी ऐकून मी आलो तेव्हा तिचा उजवा हात मनगटापर्यंत लाल झाला होता. गंगूकाकू माझ्यामागोमाग शाईची दौत घेऊन धावत आल्या. मी तिथंच उभा होतो, हातात गार पाण्याचा तांब्या घेऊन, आणि त्या तांब्याचं काय करायचं हे मला सुचत नव्हतं.

डॉक्टर आले ते एका पायात चप्पल घालून. छत्रीही विसरले होते. आत येताच त्यांनी माझ्या हातातला तांब्या हिसकावून मंदाच्या हातावर ओतला, आणि म्हणाले, "पिंप आणा इकडे. अख्खं आणा."

काकू म्हणाल्या, "डॉक्टर, शाई लावा आधी. नाहीतर फोड येतील."

"फोड येणारच आहेत. शाई लावली तर निळे येतील." मंदाचा हात त्यांनी गार पाण्याखाली धरून ठेवला होता. "कोणी शाई आणतं, कोणी चुना, कोणी तूप, कोणी बटाट्याचा कीस. पोर आधी भाजतं, आणि मग तुम्ही त्याला फोडणी देता."

"मोठ्या डॉक्टरांकडे मलम असतं म्हणे," मी कसंबसं म्हणालो.

"आहे. पुस्तकात पुष्कळ मलमं आहेत, मी वाचलीत. पण तुमचं स्वतःचं बोट भाजलं तर तुम्ही ते पहिल्यांदा कशात घालता? पुस्तकात?" मग काकूंकडे वळून ते म्हणाले, "हिच्या बांगड्या काढा."

मंदाच्या हातात काकूंनीच बारशाला दिलेली चांदीची बांगडी होती, आणि काचेच्या दोन. काकू घुटमळल्या. "कुंवार पोरीचा हात असा भुंडा..."

"हात सुजेल. मग बांगडी निघणार नाही आणि बोटंही राहणार नाहीत."

काकूंनी काचेच्या बांगड्या फोडल्या. चांदीची बांगडी डॉक्टरांनी कापली. डॉक्टरांनी हात पाण्याखाली एवढा वेळ धरला होता की आमच्या खोलीतून पाणी बाहेर गॅलरीत आलं. मग त्यांनी उकळून वाळवलेली पट्टी घेतली आणि एकेक बोट वेगवेगळं गुंडाळलं. मंदा दमून झोपली. डॉक्टर मोरीच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"आधी गरम घेतलंत?"

मी मान हलवली.

मी स्वभावानंच अपराधी माणूस आहे. कचेरीत दुसऱ्याची फाईल हरवली तरी माझे कान लाल होतात. तेव्हा त्या दिवशी माझं काय झालं असेल ते सांगायला नको. मी रडत रडत काहीतरी बडबडत होतो. डॉक्टरांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "बापट, पश्चात्तापानं भाजलेलं बरं होत नाही. बाप मात्र त्यानं निकामी होतो. मला तुम्ही कामाचे हवेत. पाणी उकळायला ठेवा. आणि भिंतीकडच्या बाजूला ठेवा."

हात बरा होईल, ते म्हणाले. कातडं येईल. पण येताना ते आखडतं, आणि बोटं तळव्याकडे ओढून घेतं. नीट लक्ष दिलं नाही तर मुठीसारखा हात राहील. "ही पुढे लिहील की नाही, भाकरी थापील की नाही, ते आता ठरणार आहे. आणि ते मी ठरवणार नाही. तुम्ही घरचे ठरवणार."

बोटं सरळ राहावीत म्हणून त्यांनी पाटीची चौकट मोडून एक फळी तयार केली. त्या फळीवर मंदाचा पंजा उघडा बांधायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. मंदा रडून घर डोक्यावर घ्यायची. काही रात्री मी ऐकून घेतलं. मग एका रात्री मला ते सहन झालं नाही. मी फळी सोडली, आणि सकाळी डॉक्टर यायच्या आत पुन्हा बांधून ठेवली.

डॉक्टरांनी पट्टीकडे नुसतं पाहिलं. "बापट, ही गाठ कोणाची?"

"तुमचीच."

"माझी गाठ अशी नसते. ही कचेरीतली आहे. लाल फितीची. फाईल बांधलीत तुम्ही पोरीची." ते रागावले नाहीत. त्यांनी मंदाचं मधलं बोट हलकेच उचललं आणि मला दाखवलं. ते आदल्या दिवसापेक्षा किंचित वाकलेलं होतं. "तुमचा कनवाळूपणा एका रात्रीत एवढा झाला," ते म्हणाले. "आठवडाभर केलात तर ही लिहिणार नाही."

त्यानंतर ती गाठ मी सोडली नाही. मंदा रडायची तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहत असे. मला घरात न्यायला सुशीला यायची, आणि कधी कधी तीही तिथंच उभी राहायची.

जखम भरली, आता बोटं हलवायची वेळ आली. डॉक्टर रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून यायचे आणि मंदासमोर बसायचे. मंदा त्यांना पाहिलं की हात पाठीमागे लपवायची. "मंदाताई, अहो, हात दाखवा." मंदा मान फिरवायची. "मंदाताई, आपण मोठ्या माणसांसारखं बोलू." मंदा ओरडायची. जगातल्या सगळ्या चुली ज्याला कळतात त्या माणसाला एक चार वर्षांची मुलगी कळत नव्हती.

शेवटी गंगूकाकूंनी त्यांना वाट दाखवली. त्या सागरगोटे घेऊन आल्या आणि डॉक्टरांच्या समोर फतकल मारून बसल्या. "डॉक्टर, गोटा वर उडवायचा आणि उपड्या पंजावर झेलायचा. पंजा पसरल्याशिवाय झेलता येत नाही. येतं तुम्हाला?"

डॉक्टरांनी एक गोटा उचलून हातात घेतला. मग म्हणाले, "काकू, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत का कधी? तुम्ही नुसती चूल विचारता."

त्या दिवसापासून आमच्या घरात एक विलक्षण दृश्य रोज दिसे. डॉक्टर मोघे जमिनीवर मांडी घालून सागरगोटे खेळताहेत आणि हरताहेत. मुद्दाम नव्हे. त्यांना खरंच येत नव्हतं. गोटा त्यांच्या कपाळावर पडे, चष्म्यावर पडे, एकदा वहिनीनं आणलेल्या चहात पडला. चहा अर्थातच गार होता. मंदा हसायची, आणि हसता हसता आपला पंजा पसरून त्यांना दाखवायची, "असं धरायचं. असं." आणि डॉक्टर म्हणायचे, "कसं? पुन्हा दाखवा. मला नीट दिसलं नाही."

काकूंनाही या खेळाची इतकी चटक लागली की त्या दुपारच्या वेळी दवाखान्यात डॉक्टरांना सराव द्यायला जाऊ लागल्या. एका हळदीकुंकवाला चाळीतल्या बायकांनी डॉक्टरांची फजिती करायचं ठरवलं. त्या दिवसांत डॉक्टर घरोघरी चुलीभोवती रांगोळीची रेघ ओढायला सांगत, पाच वर्षांखालच्या मुलांनी ती ओलांडायची नाही. बायकांनी दवाखान्यात त्यांच्या खुर्चीभोवतीच तशी रेघ ओढून ठेवली. डॉक्टर येऊन खुर्चीत बसले, रेघेकडे त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण थोडी जवळ आली. पोराचा हात लांबतो हे विसरू नका." सगळ्या बायकांना आपापल्या घरी जाऊन रेघ लांब करावी लागली.

पाऊस संपता संपता मंदानं पहिल्यांदा पाटीवर अक्षर काढलं. चार बोटं सरळ झाली होती. करंगळी तेवढी थोडी वाकलेली राहिली. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, आम्ही देवाला पेढे ठेवले. डॉक्टरांना मात्र ते कायमचं टोचत राहिलं. मंदा जिथं भेटेल तिथं ते तिची करंगळी हातात घेत, सरळ करत, सोडून देत, आणि ती पुन्हा वाकली की म्हणत, "ही माझी हुकली."

एकदा मी त्यांना म्हणालो, "डॉक्टर, पश्चात्तापानं भाजलेलं बरं होत नाही, असं एका मोठ्या माणसानं सांगितलंय."

"त्या माणसानं दुसऱ्यांसाठी सांगितलंय," डॉक्टर म्हणाले, आणि छत्री घेऊन निघून गेले.

पुढे मंदा बारा वर्षांची झाली, मराठी शाळेत तिच्या अक्षराला बक्षीस मिळालं. ते अक्षर पाहायला डॉक्टर आले होते. खूप वेळ वही धरून बसले, एक शब्दही वाचला असेल असं मला वाटत नाही. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी त्यांचे पाय फार दुखू लागले आणि ते मुलाकडे नागपूरला गेले. तिथून परत आले नाहीत. बातमी वहिनीच्या पत्रानं कळली. तिनं लिहिलं होतं, शेवटच्या दिवसांतही नर्सनं गरम पाण्याची पिशवी आणली की हे आधी स्वतः हात लावून बघत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ते नागपूरला जायच्या आधी, श्रीकांतच्या मुंजीत.

चाळीच्या मागच्या अंगणात मांडव घातला होता. मांडवाच्या टोकाला चुलाणं. आचाऱ्यानं वरणाचं मोठं पातेलं उतरवून तिथंच जमिनीवर ठेवलं होतं, आणि भोवती चाळीतली सगळी पोरं शिवाशिवी खेळत होती. डॉक्टर आले, त्यांनी आधी मांडव पाहिला नाही, बटू पाहिला नाही. सरळ चुलाणापाशी गेले, एक खुर्ची ओढली, ती पातेल्याच्या आणि पोरांच्या मध्ये टाकली आणि छत्री आडवी धरून बसले. एक मुलगा धावत आला तो छत्रीला अडला. "अहो," डॉक्टर म्हणाले, "इकडून रस्ता नाही."

आचारी वैतागला. "डॉक्टर, तिकडे मुहूर्त आला. जा ना अक्षता टाकायला. मी बघतो इथं."

"तुम्ही पुऱ्या बघा. तुमच्या पाठीला डोळे नाहीत."

मी श्रीकांतसमोर पाटावर उभा होतो, आमच्या दोघांच्या मध्ये अंतरपाट. सगळी चाळ मांडवात गोळा झाली होती. मंगलाष्टका सुरू झाल्या. डॉक्टर आले नाहीत हे बघून मंदा उठली, ताम्हनातून मूठभर अक्षता घेतल्या आणि गर्दीतून वाट काढत चुलाणापाशी गेली. तिनं त्यांच्या हातात अक्षता दिल्या. डॉक्टरांनी छत्री मांडीवर ठेवली, एका हातात अक्षता घेतल्या आणि दुसऱ्या हातानं तिची करंगळी धरून सरळ केली. सोडली. ती वाकली. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण मंदा हसली आणि तिनं तो अख्खा पंजा त्यांच्या डोळ्यांसमोर पसरून धरला, लहानपणी सागरगोटे शिकवताना धरायची तसा.

मग भटजींचा आवाज चढला. "सावधान" म्हणताच सगळ्या मांडवातून आमच्यावर अक्षतांचा वर्षाव झाला. डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. पातेल्याकडे पाठ करून, एका हातानं छत्री पोरांसमोर आडवी धरून, दुसऱ्या हातानं त्यांनी तिथूनच, जमेल तेवढ्या जोरानं अक्षता आमच्या दिशेनं फेकल्या. आमच्यापर्यंत त्या पोचल्या नाहीत. वाऱ्यानं मागे फिरल्या.

दुपारी पंगत बसली तेव्हा वरणात कुंकू लावलेले तांदूळ निघत होते. आचारी कोणाकोणाची माफी मागत फिरत होता. गंगूकाकूंच्या पानात एक दाणा आला. काकू सोवळ्यात होत्या. त्यांनी तो बोटानं उचलला, क्षणभर पाहिला आणि खाऊन टाकला.